दोन बोटं सरकलेली खुंटी

गयामावशी,

दिवाळीनंतर येऊन गेलो होतो तरी गल्ली चुकलो, म्हणून तुझं घर विचारलं तेव्हा पानटपरीवरच्या माणसानं मलाच उलट विचारलं, "कोन? तिरपी गया का?" त्याच्या मनात वाकडं काही नव्हतं. गावात एखाद्याला लंगडा म्हादू म्हणतात, एखाद्याला चष्मेवाला म्हणतात, तसंच ते. बोटानं गल्ली दाखवून वर त्यानं हेही सांगितलं, "दहावा हाय आज तिचा." मी हो म्हटलं आणि पुढं चाललो. हे नाव ज्याच्यामुळं तुला चिकटलं तो माणूस धुतलेला शर्ट घालून, फळांची पिशवी घेऊन त्याच्यासमोरच उभा होता, हे त्याला कोणत्या तोंडानं सांगणार?

तू गेल्याचं मला तीन दिवसांनी कळलं. तुझ्या टोळीतल्या कोंडाबाईच्या नातवाचा फोन आला, "तुमची मावशी गेली" म्हणाला. कोणती मावशी, असं मी विचारलं नाही. बायकोनं पुढं ठेवलेला चहा तसाच निवून गेला. ती म्हणाली, रडायचं असेल तर रडा. रडू काही आलं नाही. एकच गोष्ट तुला सांगायची राहिली होती, आणि आता ती ऐकायला तू नव्हतीस. म्हणून कागदावर सांगतोय. तुला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे. म्हणजे तू असतीस तरी हे तोंडानंच सांगावं लागलं असतं, आणि तोंड उघडायलाच मी चाळीस वर्षं भीत होतो.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. शहरात रोज नवी पाटी लागायची, नवे साहेब यायचे, आणि पाऊस मात्र यायचं नाव घेत नव्हता. रेणापूरच्या रस्त्याला धान्याचं मोठं गोदाम बांधायला काढलं होतं. रानात दाणा नव्हता आणि दाणा ठेवायची जागा मात्र तयार होत होती. पहिल्याच दिवशी डोक्यावरचं घमेलं न उतरवता तू मला विचारलंस, "सायेब, ह्येच्यात काय ठिवनार? वारं?" मी तेवीस वर्षांचा, नांदेडहून डिप्लोमा करून आलेला, खिशाला दोन पेनं. मी उत्तर दिलं नाही. बिगारी बाईच्या असल्या प्रश्नाला साहेबानं उत्तर द्यायचं नसतं, अशी माझी समजूत होती. बाकीच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

माझ्याकडं काम होतं गोदामाच्या फरशीचं. एवढी मोठी काँक्रीटची फरशी एकसंध टाकता येत नाही. उन्हानं ती फुगते, गारठ्यानं आक्रसते. म्हणून तिचे पट्टे पाडायचे आणि दोन पट्ट्यांच्या सांध्यात हातभर अंतरानं लोखंडी सळया आडव्या ठेवायच्या. सळईचं अर्धं अंग एका पट्ट्यात पक्कं बसवायचं, उरलेल्या अर्ध्याला ग्रीस लावून, कागद गुंडाळून ते दुसऱ्या पट्ट्यात सोडायचं. वजन आलं तर दोघांनी मिळून पेलायचं, ऊन आलं तर ज्यानं त्यानं आपापलं सरकायचं. त्यासाठी पहिल्या पट्ट्याच्या कडेला आधीच खाचा ठेवाव्या लागतात, आणि खाच सांध्याशी अगदी काटकोनात लागते. ती तिरपी झाली की सळई तिरपी बसते, दोन्ही पट्टे एकमेकांत अडकतात आणि फरशी तडकते. हे मी हातवारे करून समजावत होतो तर तू मध्येच म्हणालीस, "कळलं की. बिजागरी तिरपी बसली तर दार अडतंयच." मला हे सांगायला कॉलेजात तीन वर्षं लागली होती.

पहिल्या खाचांसाठी सुतारानं बाभळीचे ठोकळे करून आणले. ओल्या काँक्रीटमध्ये ठोकळे बसवायचे, दुसऱ्या दिवशी काढून घ्यायचे, खाच तयार. पण लाकूड आधी पाण्यात भिजवायला हवं होतं, आणि भिजवायला पाणी कुठलं? प्यायची मारामार. कोरड्या लाकडानं काँक्रीटमधलं पाणी पिऊन घेतलं, ते फुगलं आणि रुतून बसलं. सुतारानं हातोडा मारला तशी पट्ट्याची कडच ढासळली. मी डोक्याला हात लावून बसलो होतो, आणि तू ढेकळासारखा निघालेला तो कडेचा तुकडा हातात घेऊन उलटसुलट बघत होतीस.

दुसऱ्या दिवशी तू तुराट्यांचा भारा घेऊन आलीस. त्या साली तूर कुठली आली असणार! आपल्या घराच्या कुडाच्या भिंतीतल्या काड्या उपसून आणल्यास. कोंडाबाई म्हणाली, "येडी का काय, घराचं कूड मोडलं हिनं." तू ऐकून घेतलंस आणि कामाला लागलीस. मनगटाएवढी पेंढी बांधायची, वरून जुनं लुगडं गुंडाळायचं, ट्रकचं जळकं काळं तेल फासायचं आणि काँक्रीट टाकायच्या आधी ती पेंढी जागेवर बसवायची. सकाळी पेंढीतली मधली काडी तेवढी ओढून काढायची. एक निघाली की बाकीच्या सैल पडतात आणि फडकं नुसतं उचललं तरी येतं. खाचेची कड अशी स्वच्छ निघाली की सुतार खाली बसून तिच्यावरून बोट फिरवत राहिला. "बाई, हे कुणी शिकवलं?" त्यानं विचारलं. "कुडानं," तू म्हणालीस.

त्या दिवसापासून खाचांचं काम तुझं. गाठींची दोरीही तुझीच. हातहात अंतरावर गाठी मारलेली सुती दोरी दोन खुंट्यांना ताणायची. पेंढीचं पुढचं टोक कडेच्या फळीतल्या खोबणीत आणि मागचं टोक बरोबर गाठीखाली. टेप नाही, काटकोन तपासायचा गुण्या नाही. मी गुण्या लावून बघायला लागलो की तू कंबरेवर हात ठेवून उभी राहायचीस. चूक सापडायची नाही, आणि मला, खरं सांगतो, सापडली तर बरं असं वाटायचं.

आणखी एक सांगतो, आता लपवून काय करायचं. तुझं घर शेतकऱ्याचं, माझं धर्माबादकडच्या एका गावातल्या बौद्धवाड्यातलं. पहिले काही आठवडे तू माझ्या माठातलं पाणी प्यायली नाहीस. मला ते कळलं होतं, आणि मला कळलंय हे तुलाही कळलं होतं. मग एका दुपारी बायांचा रांजण आटला. तू सरळ माझ्या माठाशी आलीस, तांब्या बुडवलास आणि घटाघटा प्यायलीस. त्या दिवशी तुला तहानेनं शहाणं केलं की आणखी कशानं, यावर आपलं कधी बोलणं झालं नाही. पण त्यानंतर मी तुला "अहो गयाबाई" म्हणून हाक मारली तेव्हा तू खेकसलीस, "मावशी म्हना. आन तुमी कशाला? मावशीला कोन तुमी म्हनतंय?"

पाण्याचंच सगळं झालं. साइटला एक दिवसाआड टँकर यायचा. ते पाणी काँक्रीट कालवायला आणि फरशी भिजत ठेवायला. त्यातला थेंबही बाहेर द्यायचा नाही, असा मोठ्या साहेबांचा हुकूम होता. पण तुमची गल्ली साइटला लागूनच, आणि गल्लीतल्या आडात नुसता गाळ. माझी आई बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची आणि संध्याकाळी रिकामी घागर घेऊन परत यायची, हे मी बघितलेलं. मी डोळेझाक केली. टँकर आला की गल्लीतल्या बायांनी दोन दोन घागरी न्यायच्या, कुठं बोलायचं नाही. हे मी चांगलं केलं असं मला तेव्हा वाटत होतं, आजही वाटतं.

त्या दिवशी सकाळी दोरी ताणून झाली होती, पेंढ्या बसवायच्या होत्या, मिक्सर सुरू झाला होता. तेवढ्यात टँकर आला, तोही अर्धाच भरलेला. ड्रायव्हर म्हणाला, परत खेप नाही. हे ऐकल्यावर गल्ली सगळी धावत सुटली. घागरीवर घागर आदळली, कुणी पडलं, कुणी भांडलं. त्या लोंढ्यात कोपऱ्यातली खुंटी उखडली गेली. कुणीतरी भल्या माणसानं ती उचलून परत दगडानं ठोकली. मी टँकरपाशी आरडाओरड करत होतो. गर्दी पांगली, बाया कामावर परत आल्या, पेंढ्या झटपट बसल्या. आणि तू दोरीपाशी उकिडवी बसून म्हणालीस, "सायेब, खुंटी सरकली. दोन बोटं. गाठी खोबनीम्होरं न्हाईत. सगळं तिरपं पडंल."

मिक्सरमध्ये माल तयार होता. टँकरमध्ये पाणी इतकंच की हा माल वाया गेला तर दुसरा करता येणार नव्हता. चारला मोठे साहेब येणार होते, आणि आले की पहिला प्रश्न पाणी कुठं गेलं हाच. मी म्हणालो, "मी बघितली आहे दोरी. बरोबर आहे. सोडा माल."

मी दोरी बघितली नव्हती, मावशी. त्या बाजूला मी गेलोसुद्धा नव्हतो.

तू माझ्याकडं बघितलंस. दोन क्षण असतील, पण ते मी अजून मोजतोय. मग तू बायांना हात केलास आणि माल पडायला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी काड्या ओढून झाल्यावर तू पुन्हा आलीस. "आज कवळं हाय, सायेब. छिन्नीनं सरळ करू. म्या करते, दुपारपस्तोर हुतंय." फोडायचं म्हणजे मोठ्या साहेबांना सांगायचं. सांगायचं म्हणजे टँकरचं प्रकरण निघणार. मी म्हणालो, "एवढं चालतं." तुला ते चालणार नव्हतं. पण सळया मी बसवायला लावल्या, आणि त्या तूच बसवल्यास.

चैत्रात फरशी तडकली. त्या सांध्याला लागून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मोठे साहेब आले, त्यांनी कड खणायला लावली, सळया उघड्या पडल्या. सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. "खाचा कुणी केल्या?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "बायांनी केल्या सर. निष्काळजीपणा झाला." एवढंच म्हणालो. नाव मी घेतलं नाही, त्याची गरज नव्हती. सगळ्यांच्या माना तुझ्याकडं वळल्या. "या बाईनं?" साहेब म्हणाले. "हिला सरळ आणि तिरपं कळतं का?" तुझ्या डोक्यावर घमेलं होतं. तू म्हणालीस, "हाव. म्याच केल्या." खुंटी नाही, दोरी नाही, टँकर नाही, मी नाही. चार शब्दसुद्धा नाहीत.

खाचांचं काम तुझ्याकडून काढून सुताराला दिलं. तू पुन्हा घमेली वाहायला लागलीस. गुत्तेदाराच्या माणसानं हजेरी घेताना पहिल्यांदा तिरपी गया म्हटलं, लोक हसले, आणि तिथून ते नाव गावात गेलं. मी त्याला दटावलं नाही. दटावलं असतं तर का दटावतोय हे सांगावं लागलं असतं.

पुढं माझी नांदेडला बदली झाली. विष्णुपुरीकडं क्वार्टरांचं काम निघालं तेव्हा मी निरोप पाठवला, खाचांना गयामावशीच पाहिजे. तू टोळी घेऊन आलीस. किती वर्षं आलीस! माझ्या लग्नात जेवलीस. माझी थोरली झाली तेव्हा बाळंतिणीसाठी आळीव घेऊन आलीस आणि माझ्या आईशेजारी बसून दोघी दुष्काळाच्या गोष्टी सांगत राहिलात, जशी काही कुणाकडं जास्त उपास घडले याची पैज लागलीय. माझ्या हाताखाली जेवढ्या फरश्या झाल्या, त्यातल्या तुझ्या हाताच्या एकीलाही पुन्हा तडा गेला नाही. मला शाबासक्या मिळाल्या. प्रत्येक साइटवर माल सोडायच्या आधी तू सगळ्यांसमोर मोठ्यानं ओरडायचीस, "सायेब, दोरी बघून घ्या वो!" मी मुकाट्यानं जायचो, वाकून एकेक गाठ बघायचो. बाया हसायच्या. मीही हसायचो. मला वाटायचं, ही आपली थट्टा आहे, आपल्या दोघांतली. तू मला माफ केलंय आणि आता चिडवतेयस.

एकदाच मी म्हणालो, "मावशी, रेणापूरला पण बघितली होती मी." का म्हणालो, देव जाणे. तू लुगड्याचा काष्टा खोचत होतीस. "हाव का?" म्हणालीस आणि कामाला लागलीस.

गेल्या दिवाळीनंतर तुला भेटायला आलो होतो. अंथरुणाला खिळली होतीस, पण आवाज तोच. ठरवून आलो होतो की आज सांगायचंच. एसटीत वाक्यं जुळवली होती. तुझा मुलगा शेजारी बसला होता, सुनेनं पोहे आणले, मी पावसाबद्दल बोललो, तुरीच्या भावाबद्दल बोललो, माझ्या गुडघ्यांबद्दल बोललो. निघताना तू विचारलंस, "सायेब, काही बोलायचं हुतं का?" मी म्हणालो, "नाही गं, सहज आलो होतो." तू डोळे मिटून घेतलेस. मला वाटलं, दमलीस.

तर दहाव्याची गोष्ट. मी या गोष्टी मानणारा नाही, तरी ओढ्याकाठी सगळ्यांबरोबर उभा राहिलो. मनात आलं, कावळा शिवणार नाही. मग मी पुढं होईन, सगळ्यांसमोर सांगेन, आणि मग शिवेल. इतकी मोठी माझी स्वतःबद्दलची कल्पना. घास ठेवून तुझा मुलगा बाजूला झाला न झाला तोच कावळा आला. माझ्यासाठी तू एक क्षणही थांबली नाहीस. मला वाईटच वाटलं.

घरी आल्यावर ओसरीवर मी सांगितलंच. तुझा मुलगा, सून, नातवंडं, टोळीतल्या उरलेल्या तीन-चार म्हाताऱ्या, सगळे होते. म्हणालो, खुंटी सरकली होती, मावशीनं मला सांगितलं होतं, मी खोटं बोललो आणि नंतर तिच्यावर ढकललं. शेवटी म्हणालो, "माझी नोकरी वाचावी म्हणून ती माऊली गप्प बसली."

कोंडाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं तोंडातली मिसरी थुंकली. "तुमच्यासाटी?" म्हणाली. "तुमच्यासाटी कामून गप बसंल ती, सायेब? खुंटीचं नाव काढलं आसतं तर टँकरचं निघालं आसतं. मंग गल्लीनं प्यावं काय? तवा माझी सून बाळंतीन हुती घरात. गयानं आमाला शपथ घातली, कुनी बोलायचं न्हाई म्हून."

मी म्हणालो, "पण माझ्यावर राग नव्हता तिचा. इतकी वर्षं माझ्याबरोबर काम केलं."

"राग नव्हता?" कोंडाबाई हसली. "लई राग हुता. मरस्तोर हुता. काम चांगलं यायचं तिला, म्हून करायची. तुमच्या आईचं आन तिचं जमायचं, म्हून यायची. तुमी दिवाळीला यून गेलात त्या दिशी जेवली न्हाई. म्हनली, आजबी न्हाईच बोलला."

तुझा मुलगा इतका वेळ जमिनीकडं बघत होता. तो मला वाईट बोलला नाही. एवढंच म्हणाला, "मामा, हे तिच्या म्होरं सांगायचं हुतं." मग उठून पंगतीची तयारी बघायला गेला. मला जेवायला बसवलं, आग्रह केला, वाढलं. मी जेवलो. नाही म्हणायचा मला काय हक्क होता?

येताना एसटीत खिडकीशी बसून मी माफीची वाक्यं पुन्हा जुळवायला लागलो आणि सोडून दिली. माफी मागायची तर देणारं माणूस समोर लागतं, आणि देणं न देणं त्याच्या हाती असावं लागतं. मी तुझी माफी तुला न विचारताच घेऊन टाकली होती आणि ती वर्षानुवर्षं अंगावर मिरवली. तुझ्या ओरडण्याला थट्टा म्हटलं, गप्प बसण्याला माया म्हटलं. तू मात्र दर साइटवर, सगळ्यांच्या देखत, मला बोलायची संधी देत होतीस. मी दर वेळी खाली वाकलो, गाठी बघितल्या, आणि हसत उभा राहिलो. एकदाही तुझ्या तोंडाकडं बघितलं नाही, मावशी.